मांजराचं अकाउंट काढलं, आता पहिले पाचशे लोक आणायचे कुठून?

सोशल मीडियावर पाळीव प्राण्याचं अकाउंट काढलेल्या माणसाला महिनाभराने गाठा, प्रश्न ठरलेला असतो आणि तो जरा वैतागूनच विचारलेला असतो, की आमचा कुत्रा त्या लाखो फॉलोअरवाल्या कुत्र्यापेक्षा कुठे कमी आहे, तोही तशीच मान वाकडी करतो, तोही झोपेत पाय झाडतो, तोही मोजे पळवतो, मग त्याला अख्खं जग बघतंय आणि आमच्याला बघणारे सत्तेचाळीस, त्यात वीस तर नातेवाईक! प्रश्न रास्त आहे. नशीब म्हणून सोडून देता येतं, नशिबाचा भाग असतोच, पण सुरुवातीला जे अडतं त्याची कारणं बरीचशी समजण्यासारखी आहेत आणि काही तर आपल्या हातातली आहेत.

प्राणी बघायला लोक नाहीत असं मुळीच नाही. यूट्यूबवर आलेला पहिलावहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५ चा, सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभं राहून काढलेला आहे. इन्स्टाग्राम लोकांसाठी खुलं व्हायच्या आधी, जुलै २०१० मध्ये, त्याच्या दोन संस्थापकांपैकी केव्हिन सिस्ट्रॉम याने चाचणीसाठी जे अगदी सुरुवातीचे फोटो टाकले त्यात एक कुत्रा आहे. म्हणजे दोन्हीकडे माणसांची गर्दी व्हायच्या आधीच जनावरं येऊन बसली होती. बघणारे चिक्कार आहेत, फक्त त्यांच्यापुढे काय ठेवायचं हे जी यंत्रणा ठरवते तिला तुमच्या कुत्र्याबद्दल अजून काडीची माहिती नाही. तिला ती माहिती मिळते पहिल्या काही शे लोकांकडून. म्हणून ते पाचशे आहेत की सातशे यापेक्षा ते कोण आहेत याला जास्त महत्त्व आहे, आणि नेमकी तिथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या फाट्याला लागते.

(उदाहरणं मुख्यतः इन्स्टाग्रामची घेतलीयत कारण प्राण्यांची अकाउंट तिथे उदंड आहेत. यूट्यूब शॉर्ट्स, टिकटॉक वगैरेंची बटणं वेगळी, पण आतलं तत्त्व बरंचसं सारखंच.)

पोस्ट दाबल्यावर आत काय होतं

२०१६ पर्यंत इन्स्टाग्रामचं गणित सरळ होतं, ज्याला फॉलो केलंय त्याची पोस्ट दिसणार, नवीन वर आणि जुनी खाली. मग ते बदललं. आता कोणाला काय आधी दाखवायचं हे अल्गोरिदम ठरवतो, म्हणजे अंदाज बांधणारा एक प्रोग्राम, की हा माणूस ही पोस्ट बघत थांबेल का, लाइक करेल का, कोणाला पाठवेल का. लोक अल्गोरिदमबद्दल असं बोलतात जणू आत कोणी साहेब बसलाय आणि त्याची आपल्यावर खप्पा मर्जी झालीय. तसं काही नसतं, आणि तो एकही नसतो. फीड, स्टोरी, रील्स, एक्सप्लोर (अनोळखी अकाउंटांच्या पोस्ट दाखवणारं पान) या प्रत्येकासाठी वेगळी यंत्रणा आहे हे इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२१ मध्येच लिहून सांगितलंय. स्टोरी मुख्यतः तुमच्या फॉलोअरनाच दिसते, रील्स आणि एक्सप्लोर अनोळखी लोकांपर्यंत जातं. त्यामुळे ज्याच्याकडे फॉलोअरच नाहीत त्याने दिवसाला पंधरा स्टोऱ्या टाकल्या तरी त्या त्याच सत्तेचाळीस जणांपुढे फिरत राहतात.

नवख्यांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट एप्रिल २०२४ मध्ये आली. इन्स्टाग्रामने जाहीर केलं की शिफारस करण्याजोगी पोस्ट आधी थोड्या लोकांना दाखवली जाईल, ज्यांना ती आवडेल असा अंदाज आहे अशांना, मग ते तुम्हाला फॉलो करत असोत वा नसोत. त्यांच्यात जी चालेल ती अजून थोड्या जास्त लोकांना, त्यातली चांगली अजून जास्त लोकांना, अशी पायरी पायरीने. टिकटॉकनेही २०२० मध्ये सांगितलं होतं की फॉलोअरचा आकडा शिफारशीत थेट धरला जात नाही. म्हणजे कागदावर तरी सत्तेचाळीसवाल्याला दार उघडं आहे.

आणि "चालली" हे ठरतं कशावरून? जानेवारी २०२५ मध्ये मोसेरींनी तीन गोष्टी सांगितल्या: लोक किती वेळ बघत राहिले, ज्यांच्यापर्यंत पोचली त्यातल्या किती जणांनी लाइक केलं, आणि किती जणांनी ती मेसेजमधून दुसऱ्याला पाठवली. पोस्ट जितक्या वेगवेगळ्या माणसांपर्यंत पोचते त्याला रीच म्हणतात, हा शब्द पुढे लागेल. यातली मेख अशी की ओळखीच्या लोकांपर्यंत पोचायला लाइक जास्त कामाचं आणि अनोळखी लोकांपर्यंत जायला पाठवणं जास्त कामाचं. नवीन अकाउंटला हवेत अनोळखी लोक, आणि आपण मात्र लाइक मोजत बसतो.

शितावरून भाताची परीक्षा, पण शित कुठल्या पातेल्यातलं?

नव्या अकाउंटबद्दल यंत्रणेकडे माहिती नसते म्हणून ती नीट शिफारस करू शकत नाही, शिफारस नाही म्हणून लोक येत नाहीत आणि लोक नाहीत म्हणून माहिती नाही. या भानगडीला कोल्ड स्टार्ट म्हणतात. त्यातून बाहेर पडायला यंत्रणा तेच करते जे स्वयंपाकघरात होतं, चार शितं काढून दाबून बघायची आणि अख्ख्या पातेल्याचं ठरवायचं. पद्धत चांगली आहे, पण शितं त्याच पातेल्यातली हवीत ना. आपण काय करतो, अकाउंट काढल्या काढल्या फॅमिली ग्रुपवर लिंक, ऑफिसच्या ग्रुपवर लिंक, शाळेच्या ग्रुपवर लिंक, "सगळ्यांनी फॉलो करा रे". लोक करतातही बिचारे. मावशी प्रत्येक पोस्टला लाइक ठोकते पण व्हिडिओ दोन सेकंदांत पुढे सारते, कारण तिला तुमची ख्यालीखुशाली हवी असते, मांजर कपाटावर कसं चढलं याच्याशी तिला घेणंदेणं नसतं. ऑफिसातला मित्र दिवसभर क्रिकेट आणि गाड्या बघतो. यांना मांजर आवडत नाही असं नाही, पण मांजर बघायला ते फोन उघडत नाहीत. आता यंत्रणेला दिसतं काय, तर या अकाउंटच्या स्वतःच्या फॉलोअरनाच यात विशेष रस नाही, आणि जे आहेत ते एकमेकांशी जुळत नाहीत, कोणी क्रिकेटवाला, कोणी रेसिपीवाली. यावरून पुढचा बघणारा शोधायचा कसा?

इन्स्टाग्रामलाही हे कळत असावं असं वाटतं, कारण डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी ट्रायल रील्स नावाचा प्रकार आणला, ज्यात रील आधी फक्त फॉलोअर नसलेल्या लोकांनाच दाखवलं जातं.

मग घरच्यांना सांगायचंच नाही का? सांगा की, पण निवडून. ज्यांच्याकडे स्वतःचं कुत्रं-मांजर आहे, जे तसलेच व्हिडिओ तुम्हाला येता-जाता पाठवत असतात, त्यांना आधी. असे आठ-दहा जण पुरतात. बाकीच्यांना महिना-दोन महिन्यांनी सांगितलं तरी कोणी रुसत नाही. अकाउंट काढताना ॲप कॉन्टॅक्ट जोडायची परवानगी मागतं, ती सरळ नाकारा. आणि फेसबुकवर असाल तर प्राण्याच्या नावाने प्रोफाइल काढू नका, ते नियमात बसत नाही, पेज काढा.

अकाउंट कशाबद्दल आहे हे यंत्राला कसं कळतं

व्हिडिओत मांजर आहे हे तर यंत्र हल्ली चित्रावरूनच ओळखतं, कॅप्शनमधले शब्दही वाचतं. पण सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे माणसं. २०१९ मध्ये इन्स्टाग्रामच्या इंजिनिअर लोकांनी एक्सप्लोर कसं चालतं ते लिहिलं होतं, त्यातली एक कल्पना मला फार आवडते: एखादा माणूस एका बैठकीत ज्या अकाउंटांवर रेंगाळतो ती अकाउंट एका वाक्यातल्या शब्दांसारखी धरायची, जे शब्द वारंवार शेजारी येतात त्यांचा अर्थ जवळचा, तसंच जी अकाउंट एकाच माणसाच्या नजरेखालून एकापाठोपाठ जातात ती एकमेकांच्या जवळची. म्हणजे तुमच्या मांजराचा "अर्थ" ठरतो त्याच्या शेजाऱ्यांवरून. तुमचे पहिले बघणारे आणखी दहा मांजरांची अकाउंट बघत असतील तर तुम्ही आपोआप त्या वस्तीत जाता.

याचा दुसरा परिणाम असा की खिचडी अकाउंट सुरुवातीला मार खातं. सोमवारी मांजर, मंगळवारी तुमचा ट्रेक, बुधवारी भाचीचा वाढदिवस, असं केलं की शेजार पक्का होतच नाही. पहिले काही महिने तरी मांजराचं अकाउंट मांजराचंच ठेवा, भाचीसाठी दुसरं अकाउंट आहेच की.

आणि मांजर म्हणजे तरी काय? जगात कोट्यवधी मांजरं आहेत. तीन पायांचं मांजर, म्हातारा कुत्रा आणि नवीन आणलेलं पिल्लू, फ्लॅटमध्ये वाढणारं मोठं कुत्रं, माणसाला घाबरणारं आणि हळूहळू धीट होणारं मांजर, बोलणाऱ्या पोपटाची शब्दसंपत्ती. एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि ते वाक्य बायोमध्ये, म्हणजे प्रोफाइलवरच्या ओळखीच्या ओळीत, लिहायचं. "आयुष्यावर प्रेम करणारा डॉगी" असलं लिहू नका, त्यातून कोणाला काही कळत नाही.

गोड असून भागत नाही

कोनराड लॉरेंझ नावाच्या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं की मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय अशी बाळासारखी ठेवण दिसली की माणसाच्या मनात माया दाटून येते, आणि ती माणसाच्या बाळापुरती राहत नाही, पिल्लांनाही लागू होते. म्हणून तर स्क्रोल करताना अंगठा थांबतो. पण तो सगळ्याच पिल्लांपाशी थांबतो! गोडपणा सगळ्यांकडेच असल्याने त्याच्या जोरावर तुम्ही वेगळे पडत नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून बघाव्या लागतात, ज्यांची लोक नेहमी सरमिसळ करतात. लोक पोस्ट दुसऱ्याला पाठवतात ती ओळख पटल्यामुळे, आणि अकाउंट फॉलो करतात ते वेगळेपणामुळे. पाठवणारा म्हणतो "अरे हे बघ, आपला मोती हुबेहूब". म्हणजे त्या व्हिडिओत असं काहीतरी हवं जे हजारो घरांत घडतं: पाहुणे आले की सोफ्याखाली जाणारं मांजर, झोपायच्या आधी सात गोल फिरणारा कुत्रा, नवीन महागड्या बिछान्याकडे ढुंकूनही न बघता त्याच्या खोक्यात जाऊन बसणारं येडं. हे जितकं नेमकं आणि बारीक टिपाल तितकं पाठवलं जातं. पण त्या एका व्हिडिओवरून तुमच्या प्रोफाइलवर आलेला माणूस फॉलो कधी करेल, तर तिथे त्याला पुन्हा भेटावंसं वाटेल असं एक पात्र दिसलं तर. जपानी मांजर मारू आठवा, खोकं दिसलं की पळत येऊन त्यात घुसायचं, खोकं कितीही लहान असो. बास एवढंच. २०१६ मध्ये गिनीजने नोंद केली तेव्हा त्याचे व्हिडिओ ३२ कोटींहून जास्त वेळा बघितले गेले होते. खोक्यात बसणं सगळ्याच मांजरांचं, पण तो हट्ट मारूचा. तुमच्या प्राण्याचा असा एखादा हट्ट, खोड, वैर (झाडूशी, कुकरच्या शिट्टीशी, शेजारच्या कबुतराशी) शोधा आणि त्याकडे पुन्हा पुन्हा या.

प्राण्याच्या आवाजात कॅप्शन लिहायची की मालकाच्या? दोन्ही चालतं. माझं मत विचाराल तर "मी तुमचा लाडका ब्रूनो, आज मी आंघोळी केली" असली बोबडी भाषा तिसऱ्या पोस्टला नकोशी होते. प्राण्याला बोलायला लावायचंच तर त्याला स्वभाव द्या, तो तक्रारखोर असू दे, कंजूष असू दे, हिशोबी असू दे. बोबडा नको.

शूटिंगबद्दल थोडक्यात, कारण फोन सगळ्यांकडे आहे

जमिनीवर झोपा. खरंच. उभं राहून खाली काढलेल्या फोटोत सगळे प्राणी सारखेच दिसतात, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फोन आणला की तोच प्राणी कोणीतरी वाटायला लागतो. उजेड खिडकीचा, बाजूने. फ्लॅश नको, कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो त्यामुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि गोड पिल्लू भुताटकीचं वाटतं. काळं कुत्रं किंवा मांजर असेल तर मागे लख्ख उजेड घेऊ नका, नुसता काळा ठिपका येतो, स्क्रीनवर त्याच्या तोंडावर बोट ठेवून उजेड कमीजास्त करा.

व्हिडिओ असेल तर घटना आधी, प्रस्तावना नंतर किंवा नाहीच. "हाय फ्रेंड्स आज आपण बघणार आहोत" म्हणेपर्यंत माणूस तीन व्हिडिओ पुढे गेलेला असतो. उडी मारायची असेल तर उडीच्या अर्धा सेकंद आधीपासून सुरू करा. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात म्हणून चार शब्द स्क्रीनवर लिहा. आणि एक लहानशी पण त्रास देणारी गोष्ट: अकाउंट बिझनेस प्रकारात बदललं की लोकप्रिय गाण्यांची मोठी लायब्ररी हातातून जाते, आकडेवारी हवी असेल तर क्रिएटर प्रकार निवडा.

लोक येत नाहीत, आपणच जायचं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच बहुतेक जण टाळतात. तुमच्याएवढ्याच किंवा थोड्या मोठ्या, तुमच्यासारख्याच प्राण्यांच्या अकाउंटांवर जा, रोज थोडा वेळ, आणि खरीखुरी कमेंट करा. लाखो फॉलोअरवाल्याच्या पोस्टखाली तुमची कमेंट हजारात हरवते, तीनशे फॉलोअरवाला मात्र ती वाचतो, उत्तर देतो, उत्सुकतेने तुमच्याकडे येऊन जातो. "सो क्यूट" आणि तीन हार्ट म्हणजे कमेंट नाही. "आमच्याकडे पण ही चष्म्याची काडी चावायची सवय आहे, तुम्ही काय उपाय केला" ही कमेंट. त्यातून बोलणं सुरू होतं आणि जो माणूस येतो तो नेमका त्याच पातेल्यातला असतो. तुमच्या पोस्टवर आलेल्या प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, सुरुवातीला ते परवडतं, नंतर नाही परवडत.

दुसरा मार्ग कोलॅबचा. ऑक्टोबर २०२१ पासून इन्स्टाग्रामवर एकच पोस्ट दोन अकाउंटच्या नावाने टाकता येते, ती दोघांच्याही फॉलोअरना दिसते, लाइक-कमेंटही एकत्र मोजले जातात. तुमच्या प्राण्याचा मित्र, त्याचा डॉक्टर, केस कापणारा, ट्रेनर, ज्या निवाऱ्यातून त्याला आणलं ते, यांच्यापैकी कोणाचं अकाउंट असेल तर विचारून बघा. निवारा चालवणाऱ्यांना "दत्तक घेतलेलं बाळ आता कसं आहे" हे दाखवायला आवडतंच, आणि तिथले फॉलोअर नुसते बघे नसतात, जीव लावणारे असतात.

हॅशटॅगवर फार जीव टाकू नका. एकेकाळी एका पोस्टला तीस-तीस लावायची पद्धत होती. डिसेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने हॅशटॅग फॉलो करायची सोयच काढून टाकली. तीन-चार नेमके लावा आणि त्यापेक्षा कॅप्शनमध्ये साध्या शब्दांत लिहा की हे काय आहे, कुठला प्राणी, काय वय, काय चाललंय, कारण लोक सर्चमध्ये तेच टाइप करतात.

"सुरुवात व्हावी म्हणून थोडे फॉलोअर विकत घेतले तर?"

आता तुम्हीच सांगा. पाच हजार खोटी अकाउंट तुमची फॉलोअर झाली, त्यातलं कोणी बघत नाही, पाठवत नाही. शितं दगडाची निघाली तर भात शिजला असं कोण म्हणेल? आकडा मोठा दिसतो पण प्रत्येक पोस्टवर प्रतिसाद नगण्य, आणि नंतर एखाद्या कंपनीने आकडेवारी मागितली की पाच हजार फॉलोअर आणि बावीस लाइक हे लपत नाही. फॉलो करून दोन दिवसांनी अनफॉलो करायचा खेळही तसलाच, त्यातून येतात ते उपकार फेडायला येतात, बघायला नाही.

"दुसऱ्यांचे मजेशीर व्हिडिओ टाकून आधी गर्दी जमवू, मग आपलं मांजर आणू"

ही शक्कल पूर्वी चालायची. एप्रिल २०२४ च्या त्याच घोषणेत इन्स्टाग्रामने सांगितलं की दुसऱ्याची सामग्री वारंवार जशीच्या तशी टाकणाऱ्या अकाउंटना शिफारशीतून वगळणार, आणि जिथे शक्य तिथे नकलेच्या जागी मूळ पोस्ट दाखवणार. उलट तुमचा व्हिडिओ कोणी उचलला तर हा नियम तुमच्या बाजूचा आहे.

"आमचं साधं मांजर आहे हो, ना जात ना ब्रीड"

छान आहे. नाला नावाचं मांजर निवाऱ्यातून आणलेलं आहे, आणि २०२० मध्ये गिनीजने इन्स्टाग्रामवरचं सर्वाधिक फॉलोअर असलेलं मांजर म्हणून तिची नोंद केली तेव्हा आकडा ४३ लाखांच्या वर होता. व्हिडिओसाठी म्हणून खास ब्रीड आणायचा विचार करत असाल तर थांबा. स्कॉटिश फोल्ड जातीच्या मांजरांचे ते दुमडलेले कान ज्या जनुकामुळे होतात तेच जनुक अंगभरच्या कूर्चेवर परिणाम करतं आणि सांधे दुखतात (वर ज्याचं कौतुक केलं तो मारूही स्कॉटिशच, पण सरळ कानांचा). चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास असतो, ते घोरतात ते गोड वाटतं पण बऱ्याचदा ती धाप असते.

"पण ग्रंपी कॅट तर एका फोटोत जगप्रसिद्ध झाली!"

झाली. टार्डर सॉस तिचं नाव, चेहरा कायम चिडल्यासारखा, २२ सप्टेंबर २०१२ ला तिचा फोटो रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर टाकला गेला आणि धुमाकूळ झाला. पण पुढचं लोक विसरतात. तो फोटो बनावट आहे असा लोकांना संशय आला, मग घरच्यांनी लगेच व्हिडिओ टाकून दाखवलं की ती खरोखरच तशी दिसते. म्हणजे गर्दी आली तेव्हा दाखवायला दुसरी गोष्ट तयार होती. अचानक एखादा व्हिडिओ लाखोंनी बघितला गेला आणि मागे प्रोफाइलवर सातच पोस्ट, त्यातही दोन सूर्यास्ताच्या, तर ती गर्दी आली तशी जाते. म्हणून मी तर म्हणेन, लोकांना बोलवायच्या आधी दहा-बारा बऱ्या पोस्ट प्रोफाइलवर असू द्या. शिवाय एका फोटोत प्रसिद्ध झालेल्या त्या एका मांजरामागे अशी कितीतरी मांजरं असतील ज्यांचा तितकाच भारी फोटो कोणी बघितला नाही. त्यांची बातमी होत नाही म्हणून आपला हिशोब चुकतो.

रोज टाकावं लागतं का, हाही एक नेहमीचा प्रश्न. नाही. आठवड्याला तीन चांगल्या पोस्ट सहा महिने टाकता येत असतील तर त्या रोजच्या, तीन आठवड्यांत दम काढणाऱ्या पोस्टपेक्षा बऱ्या. प्राणी काही वेळापत्रकावर मजेदार वागत नाही, म्हणून चांगला दिवस असेल तेव्हा जास्त शूट करून ठेवा.

प्राण्याचं काय?

इथे जरा थांबतो. आकडे हवे असले की माणूस प्राण्याकडून काहीबाही करून घ्यायला लागतो. २०१५ मध्ये जेवणाऱ्या मांजराच्या मागे गुपचूप काकडी ठेवून त्याला दचकवायची लाट आली होती, मांजर चार फूट उडायचं आणि लोक हसायचे, आणि प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक सांगत होते की बाबांनो यात त्याला इजा होऊ शकते, जेवायची जागाच त्याला असुरक्षित वाटू लागते. त्याच्याही आधी गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या स्लो लोरिसचे व्हिडिओ गाजले. त्या प्राण्याच्या कोपराजवळ एक ग्रंथी असते, तिचा स्राव लाळेत मिसळून विषारी होतो, हात वर करणं हा त्याचा बचावाचा पवित्रा आहे. लोकांना वाटलं मजा वाटतेय त्याला. नाटकी सुटकेचे व्हिडिओ तर त्याहून वाईट, आधी पिल्लाला संकटात टाकायचं आणि मग कॅमेऱ्यापुढे वाचवायचं, यावर यूट्यूबने २०२१ मध्ये बंदी घातली.

आपण इतकं वाईट वागत नाही हे मान्य, पण टोपी-फ्रॉक घालून उभा केलेला कुत्रा जीभ नाकावर फिरवत असेल, झोप आलेली नसताना जांभया देत असेल, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असेल, किंवा मांजराचे कान मागे आडवे झाले असतील आणि शेपूट आपटत असेल, तर त्याला नको आहे, शूटिंग बंद. ज्यांना तुम्ही पहिले पाचशे म्हणून आणलंय ते प्राणी ओळखणारे लोक आहेत, त्यांना हे लगेच दिसतं आणि ते सांगतातही, कधी सभ्य भाषेत, कधी नाही.

पैसे कधी मिळतात?

उशिरा, आणि कित्येकांना नाहीच. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा तर १,००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४,००० तास बघणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. लहान अकाउंटला आधी येतात त्या फुकट वस्तू. घ्या, पण मिळालेली वस्तू मिळालेली आहे असं पोस्टमध्ये स्पष्ट लिहा, अनेक देशांत तसा नियमच आहे. खाण्याच्या वस्तू डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत, लेबल कितीही सुंदर असो. आणि पट्ट्यावरच्या बिल्ल्याचा फोन नंबर, घराची पाटी, रोजची फिरायची वेळ आणि रस्ता हे व्हिडिओत दिसत नाही ना तेवढं टाकायच्या आधी बघून घ्या.

आकडे कुठले बघायचे

एकूण फॉलोअर हा सगळ्यात कमी सांगणारा आकडा आहे. क्रिएटर अकाउंटला प्रत्येक पोस्टखाली आकडेवारी मिळते, त्यात बघणाऱ्यांमध्ये फॉलोअर नसलेले किती, आणि किती जणांनी पाठवलं, हे दोन आधी. अनोळखी लोकांचं प्रमाण वाढतंय पण पोस्ट कोणी पाठवत नाहीये, तर गोड दिसतंय पण ओळख पटत नाहीये. लोक पहिल्या दोन सेकंदांतच सोडून जातायत, तर सुरुवात कापा. बघतात भरपूर, प्रोफाइलवर येतात आणि फॉलो न करता परत जातात, तर बायो आणि वरच्या नऊ पोस्ट परक्या माणसाच्या नजरेने बघा, हे अकाउंट कशाचं आहे ते तिथे कळतंय का. आणि पाचशेचे आठशे झाले तरी नवीन पोस्टचा रीच खाली खालीच चाललाय असं झालं, तर शेवटच्या दहा पोस्ट सलग लावून बघा. बऱ्याच वेळा त्यात मांजर कमी आणि तुम्हीच जास्त बोलताना दिसाल.